मांजराला कच्चे मांस घालण्याआधी



वर्षावासातल्या एका रविवारी पुणतांब्याच्या वस्तीत विहारात ग्रंथवाचन झाले आणि नंतर आरोग्यावर बोलणे सुरू झाले. साखर, रक्तदाब, गुडघे असे नेहमीचे प्रश्न झाल्यावर मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "माझी नात म्हणती मांजराला कच्चं घालू नको. मी म्हणते, वाघाची मावशी ती, तिला काय व्हतंय? तुम्हीच सांगा खरं काय ते." सगळ्या बायका हसल्या. आम्हीही हसलो आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. घरी आल्यावर वाटले, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजींना अर्धेच मिळालेले ते उत्तर इथे पुरे करतो.

आपल्याकडे मांजर पाळले जाते ते उंदरांसाठी. धान्याची कोठी, शाळेचे दप्तर, अंथरुणे, उंदीर काहीच सोडत नाही. शिवाय पोरांना मांजराचा लळा असतो. रविवारी घरात कोंबडी आली की पंजे, मुंडी, आतडी, चरबीचे तुकडे मांजरापुढे पडतात. गोदावरीचे मासे आणले तर खवले, डोकी आणि पोटातली घाण तिच्या वाट्याला जाते. वाया जायचे ते एका जिवाच्या पोटात गेले, असा त्यामागचा विचार असतो. तो वाईट नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती पाळणारी घरे वस्तीत पुष्कळ आहेत. खायला घालण्याला आमची हरकत नाही. ते कच्चे घालण्याला आहे.

आधी वाघाचेच पाहू, कारण आजींनी त्याचेच नाव घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या काही दिवसांच्या अंतराने मेले. त्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवले गेले आणि उत्तर आले की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१ जातीचा. खायला दिलेल्या कोंबडीतून तो आला असावा असा संशय घेतला गेला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरची मांजरे मेली. त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. पाळीव मांजरात बर्ड फ्लू आढळल्याची आपल्या देशातली ही पहिली नोंद मानली जाते. तिथली चिकन-मटणाची दुकाने काही काळ बंद ठेवावी लागली.

म्हणजे वाघ मेला आणि त्याची मावशीही मेली. "तिला काय व्हतंय" याचे उत्तर इथेच मिळते. यापेक्षा मोठा प्रकार थायलंडमध्ये २००४ साली घडला होता. श्रीराचा इथल्या एका वाघांच्या प्राणिसंग्रहालयात वाघांना कोंबड्यांचे कच्चे मांस घातले जात होते. त्यातून बर्ड फ्लू शिरला. काही वाघ रोगाने मेले, काहींना साथ थांबवण्यासाठी मारावे लागले, असे मिळून १४७ वाघ गेले. जंगलाच्या राजाचे पोट या विषाणूपुढे टिकले नाही.

आता आमच्या मनातून न जाणारी गोष्ट. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची एक मुलगी बर्ड फ्लूने गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत ते सिद्ध झाले. घरात कोंबडी साफ करत असताना त्या लेकराच्या तोंडात कच्च्या मांसाचा तुकडा गेला होता, असे घरच्यांनी सांगितल्याचे बातम्यांत आले. असे क्वचितच घडते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. घाबरून कोंबडी खाणे सोडायची गरज नाही. नीट शिजवलेल्या कोंबडीतून बर्ड फ्लू होत नाही. ७० अंशांच्या वर, सगळीकडून सारखी उष्णता लागली की तो विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर त्याहून कितीतरी जास्त उकळतो. फ्रीजमधल्या गारठ्याने मात्र तो मरत नाही. बर्फात ठेवलेले मांस म्हणजे सुरक्षित मांस हा समज सोडून द्यावा.

बर्ड फ्लू महाराष्ट्राला नवा नाही. देशातली कोंबड्यांमधली पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली होती. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तेही याच रोगाने. कावळा मेला की आपण लांबून बघतो. मांजर लांबून बघत नाही.

तरीही साथ रोज येत नाही. रोजचा धोका दुसराच आहे आणि वस्तीतल्या घराला तोच जास्त लागू पडतो. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. कोंबडी वरून चांगली दिसते, वासही येत नाही, तरी ते असतात. दुकानात एकाच लाकडी ओंडक्यावर सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या कोंबड्या कापल्या जातात, एकाच बादलीत धुतल्या जातात आणि एकीचे दुसरीला लागते. जंतूंचे घर आतड्यात असते आणि मांजराच्या वाट्याला नेमकी आतडीच जातात. नगर जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. उघड्यावर पडलेल्या कच्च्या मांसात हे जंतू काही तासांत काहीच्या काही वाढतात. सकाळी दहाला घातलेले आणि मांजराने अर्धे सोडलेले मांस दुपारी तेच राहिलेले नसते.

मांजराला यातून हगवण लागते, उलट्या होतात, ताप येतो. पण पुष्कळदा तिला काहीच होत नाही. ती ठणठणीत दिसते आणि तिच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. ती तोंड चाटते, मग अंग चाटते, मग पोराच्या मांडीवर जाऊन बसते. पोर तिला कुरवाळते आणि त्याच हाताने बिस्कीट खाते.

आपली घरे आठवा. दहा बाय बाराची एक खोली, तिच्यातच चूल किंवा शेगडी, तिच्यातच पाण्याचा माठ, एका कोपऱ्यात लहानग्याची झोळी. मांजराला दारात कच्चा तुकडा दिला तर ती तो दारात खात नाही. तिची खोडच आहे, तोंडात धरून कुठेतरी आडोशाला न्यायचा. पेटीमागे, कॉटखाली, अंथरुणांच्या चवडीवर. तिथे जमिनीला रक्त लागते, मुंग्या येतात. रांगणारे मूल तिथूनच हात टेकत जाते आणि मग तो हात तोंडात. मोठ्या बंगल्यात मांजराची खोली वेगळी असेल, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून बंगलेवाल्यांना चालून जाईल ती चूक आपल्याला परवडत नाही.

साल्मोनेलाने धडधाकट माणसाला चार-सहा दिवस जुलाब, पोटात कळा, ताप येतो आणि बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पाच वर्षांखालचे मूल, म्हातारी माणसे, गरोदर बाई, टीबीची किंवा कॅन्सरची औषधे चालू असलेला, एचआयव्ही असलेला, साखर वाढलेला माणूस, यांना मात्र तो खाली पाडतो. जंतू रक्तात गेला तर दवाखान्यात भरती व्हावे लागते. त्यात आणखी एक भर. कोंबड्या पटकन वाढाव्यात, आजारी पडू नयेत म्हणून त्यांना प्रतिजैविके दिली जात आली आहेत. त्यामुळे त्यांच्या अंगातले काही जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी वापरायचे औषध. तेही कोंबड्यांना दिले जात होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

गरोदर लेकी-सुनांचा प्रश्न वेगळा काढून सांगतो, कारण त्यावर वस्तीत उलटसुलट बोलले जाते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. कच्च्या मांसातून किंवा उंदीर खाल्ल्याने तो मांजराच्या पोटात जातो. पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. बाईला गरोदरपणात याची पहिल्यांदा लागण झाली तर गर्भ पडू शकतो, किंवा बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

हे ऐकले की सासूबाई पहिले काम काय करतात? मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात. त्याची गरज नाही. मांजराला हात लावल्याने हा रोग सहसा होत नाही. तो होतो तिच्या विष्ठेने खराब झालेली माती, पाणी, न धुतलेली भाजी यांतून, आणि आपण स्वतः अर्धेकच्चे मटण खाल्ले तर त्यातूनही. शिवाय ती अंडी बाहेर पडल्या पडल्या रोग देत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज उचलून खड्ड्यात पुरली तर धोका बराच कमी होतो. हे काम गरोदर बाईने करू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे. दादा लोकांनी केले तर उत्तमच. मांजराला कच्चे मांस बंद केले की परजीवी तिच्यात शिरायची एक वाट बंद होते. उंदराची वाट उघडी राहते, हे मान्य आहे. म्हणून तर घाण उचलायची.

याच ओघात वाळूचे सांगतो. घरकुल मंजूर झाले की दारात वाळूचा ढीग पडतो आणि हप्ता अडकला की तो महिनोन् महिने तसाच राहतो. मांजरांना हगायला याहून चांगली जागा नाही आणि पोरांना खेळायलाही नाही. दोघे एकाच ढिगावर. त्यावर फाटकी ताडपत्री, जुने फ्लेक्स, काहीही टाका, पण झाका.

तरुण पोरांकडून आम्हाला एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पुण्या-मुंबईत कामाला असलेली, मोबाईलवर मांजरांचे व्हिडिओ पाहणारी ही मुले. त्यांचे म्हणणे असे की कच्चे मांस हाच मांजराचा नैसर्गिक आहार आहे, वाघ काय शिजवून खातो का? यातले पहिले अर्धे खरे आहे. मांजर मांसाहारीच आहे. नुसत्या दूध-भातावर ती नीट जगत नाही. टॉरीन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर तिचे डोळे आणि हृदय बिघडते. पण रानातले जनावर स्वतः मारलेली ताजी शिकार तिथल्या तिथे खाते. शेडमध्ये हजारोंनी कोंबून वाढवलेली, ओंडक्यावर कापलेली, प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आलेली कोंबडी ही शिकार नव्हे. आणि रानातली जनावरेही आजारी पडून मरतात, फक्त त्यांचे मरण आपल्याला दिसत नाही.

आता जी गोष्ट लिहायला जड जाते ती. कोंबड्यांच्या शेडवर मेलेले पक्षी कधी फुकट, कधी चार पैशांत मिळतात. माणसाने खायचे नाही हे सगळ्यांना कळते, म्हणून "मांजराला होईल, कुत्र्याला होईल" म्हणून ते घरी येतात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडायला सांगितले. ते स्वाभिमानासाठी होते. उपाशी पोटी असूनही आपल्या आजा-पणज्यांनी ते सोडून दाखवले. आज ते मांस आपल्या ताटात येत नाही, पण मांजरासाठी म्हणून उंबरा ओलांडून आत येते. ते सोलणारे हात आपल्याच बाईचे असतात. का मेला हे माहीत नसलेला पक्षी हा सगळ्यांत धोकादायक. शेडचा मालक फुकट देतो म्हणजे उपकार करत नाही, पुरायचा खड्डा वाचवतो.

एकदम बऱ्याच कोंबड्या, कावळे किंवा बगळे मेलेले दिसले तर उघड्या हाताने उचलू नका, पोरांना जाऊ देऊ नका, नदीत टाकू नका. ग्रामपंचायतीला आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कळवा.

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी जाता जाता एक. बोकडाच्या किंवा मेंढीच्या काळजात, फोपशात कधीकधी पाण्याने भरलेल्या पिशव्या दिसतात. त्या कुत्र्याला टाकू नका. त्यात एका जंताची पिले असतात. कुत्र्यामार्फत ती माणसात आली तर माणसाच्या काळजात तशाच पिशव्या तयार होतात आणि पुष्कळदा ऑपरेशनवर जाते. त्या जाळा किंवा खोल पुरा.

मग मांजराला घालायचे काय? तेच मांस, शिजवून. गॅस महाग आहे म्हणून वेगळा खर्च करा असे आम्ही म्हणत नाही. घरची कोंबडी शिजत असताना मांजराचा वाटा त्याच उष्णतेत शिजतो. लहान डब्यात पंजे, मुंडी, चरबी नसलेले तुकडे आणि वाटीभर पाणी घालून झाकण लावायचे आणि चुलीच्या कडेला ठेवून द्यायचे. आत लालसर दिसायचे थांबले आणि पाणी रटरटून उकळले की झाले. मीठ, मिरची, मसाला काही नको. कांदा आणि लसूण तर मुळीच नको. त्याने मांजराचे रक्त कमी होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून आपल्या ताटातला उरलेला रस्सा तिला घालणे हाही उपाय नव्हे. आपण पोरांसाठी अळणी काढतो, पण त्यालाही बहुतेक घरांत आलं-लसूण लागलेले असते. मांजराचे त्याआधी काढा. उकळलेले पाणी फेकू नका, भाकरीच्या चार तुकड्यांवर तेच घाला. मांसातले टॉरीन त्यातच उतरलेले असते.

शिजल्यावर हाडे काढून टाका. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि मांजराच्या घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची आतडी तिला देऊच नयेत असे आमचे मत आहे. धुवायला पाणी लागते, घाण उडते आणि पदरात पडते ते थोडे. काळीज शिजवून दिले तर ती आवडीने खाते, पण आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे. रोज काळीज खाल्ले तर अ जीवनसत्त्व वाजवीपेक्षा जास्त होऊन तिची हाडे आखडतात. मासाही शिजवूनच. काही माशांत कच्चे असताना असा पदार्थ असतो की तो ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो. असा मासा रोज खाणारे मांजर पुढे झोकांड्या खाऊ लागते. उकळल्यावर तो पदार्थ निकामी होतो. दूध द्यायचे तर तापवलेले, तेही थोडे. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दूध पचत नाही.

मांजराची बशी वेगळी ठेवा आणि आपल्या भांड्यांत घासू नका. ती खाऊन उठली की उरलेले अर्ध्या तासात उचला. ज्या विळीवर कोंबडी चिरली तिच्यावर साबण लावून घासल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नका. कोंबडी धुताना नळाची धार सोडू नका, शिंतोडे हातभर उडतात आणि शेजारी झाकण न घातलेले पीठ असते. पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा आणि ते पाणी मोरीत ओता. नळाला रोज पाणी येत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण हात साबणाने धुवायला एक तांब्या लागतो, आणि रविवारी तो लागतोच.

मांजर दोन दिवस खात नसेल, धाप लागत असेल, तोल जात असेल, झटके येत असतील किंवा एकाएकी दिसेनासे झाल्यासारखे करत असेल तर तिला पोरांपासून लांब ठेवा, तोंडाला कापड बांधून आणि हातात पिशवी घालूनच धरा, आणि जनावरांच्या दवाखान्यात सांगताना तिने कच्ची कोंबडी किंवा मेलेला पक्षी खाल्ला होता का हे आठवणीने सांगा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे. लहान मुलाला जुलाब लागले तर घरी वाट पाहत बसू नका. ओआरएस सुरू करा, अंगावरचे दूध चालू ठेवा, आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. शौचातून रक्त पडले, मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा ताप चढला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. कोंबडी-मांस हाताळल्यावर किंवा आजारी पक्षी-मांजर सांभाळल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात मोठ्या माणसाला जोराचा ताप आणि दम लागला, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच ते सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

पुणतांब्याच्या त्या आजींकडे हा अंक जाईल. नातीने वाचून दाखवावा.